डोक्याचा घेर

जालन्यात ऐन मे महिन्यात माकडटोपी घालणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्यांच्याकडे मी वर्षभर नोकरी केली.

ते सोनोग्राफीचे डॉक्टर होते. मशीनला गारवा लागतो म्हणून तपासणीच्या खोलीत एसी असा चालायचा, की बायका टेबलावर चढण्याआधी पदर कानांवरून घ्यायच्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं आणि आत सर माकडटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर आणि गळ्यात टेप अशा थाटात. इतर डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवतात तसा हे शिंप्याचा टेप अडकवायचे. एकदा एका आजींनी त्यांना दारातच गाठलं आणि विचारलं, "मास्तर, डॉक्टर आले का?" सर म्हणाले, "येऊन राह्यले. बसा तुम्ही," आणि आत गेले. थोड्या वेळाने आजी सुनेबरोबर आत आल्या, मशीनपुढे मास्तरांना बसलेलं पाहून थबकल्या, पण गप्प राहिल्या. जाताना मात्र मला हळूच म्हणाल्या, "कष्टाळू हाय माणूस. दोन-दोन धंदे करून राह्यला."

एमबीबीएस झाल्यावर पुढच्या प्रवेशपरीक्षेत मला हवी ती जागा मिळाली नव्हती. पुन्हा अभ्यास करायचा होता, पण नुसतं घरात बसणं नको म्हणून वडिलांच्या ओळखीने सरांकडे गेले. जाताना बरीच उत्तरं पाठ केली होती. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. उठले, माझ्या डोक्याभोवती टेप गुंडाळला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "बराबर. उद्या या." वडील पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होते की मुलीची निवड मेरिटवर झाली.

डोकी मोजायचा हा नाद कुठून आला, ते मला हळूहळू कळलं. सरांचं खरं प्रेम होतं पोटातल्या बाळाच्या हृदयावर. दुसरीकडे जी तपासणी चहा थंड व्हायच्या आत उरकते, ती सर तासभर करायचे. हृदयाचे चारही कप्पे, झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या, कुठली कुठून निघते, सगळं पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. गावात म्हणच पडली होती, की यांच्याकडे जायचं तर भाकरी बांधून जा. आमच्या प्रतीक्षागृहात बायका खरोखरच ठेच्याचे डबे उघडायच्या आणि एकमेकींना लोणचं वाढायच्या. आणि हृदयात दोष सापडला, की सर पुढचे सगळे महिने त्या बाळाचं डोकं मोजत राहायचे. काही हृदयदोषांत मेंदूला पुरेसं चांगलं रक्त पोचत नाही आणि शेवटच्या तिमाहीत डोक्याची वाढ जराशी मागे पडते, हे त्यांनी वाचलं होतं आणि स्वतः पाहिलंही होतं. पण एखाद्याचं डोकं मुळात घराण्यातूनच लहान असेल तर? म्हणून आईबापांची डोकी मोजायची. इथवर ते शास्त्र होतं. त्यापुढे चहावाल्याचं, वीजबिलवाल्याचं आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांचं डोकं मोजणं, हे फक्त सर होते.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पेशंटशी बोलताना 'हेड सर्कमफरन्स' म्हणायला सरांनी पहिल्याच दिवशी बंदी घातली. मी विचार करून दुसऱ्या दिवशी एका बाईंना म्हणाले, "बाळाच्या डोक्याचा परीघ व्यवस्थित आहे." त्या घाबरून सासूकडे बघायला लागल्या. सर मशीनवरून मान न वळवता म्हणाले, "परीघ काय? डोकं हाय का वर्तुळ? घेर म्हणा, घेर. परकराला असतो तसा." तेव्हापासून मी घेर म्हणते. पुढे मोठ्या शहरात शिकायला गेल्यावरही एकदा तोंडातून घेरच गेला आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

सरांच्या निकालाचे तीनच शब्द होते. 'बराबर', 'बिलकुल बराबर' आणि 'बघू'. पहिले दोन ऐकून लोक घरी जायचे. तिसरा ऐकला की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

पोटातल्या बाळाशी ते थेट बोलायचे, आणि तेही अदबीने. बाळाला ते 'पाहुणे' म्हणत. "पाहुणे, जरा कूस बदला. पाठ करून बसलात, हृदय कसं दिसावं?" मुलगा की मुलगी हे चुकूनही सुचवायचं नाही, असा कायदा आहे, आणि सर तो जिभेच्या टोकापर्यंत पाळायचे. पाहुणे झोपले, पाहुणे रुसले, पाहुणे अंगठा चोखून राह्यले. यातून काहीच हाती लागत नाही म्हणून काही सासवा चिडायच्या.

हाती काहीतरी लागावं म्हणून मग या सासवांनी टेपवर संशोधन सुरू केलं. टेपची एक बाजू पांढरी होती, दुसरी पिवळी. बापाचं डोकं सर कधी या बाजूने मोजायचे, कधी त्या. जी हाताला येईल ती. प्रतीक्षागृहात मी कोपऱ्यातल्या टेबलाशी गुपचूप लिहीत बसलेली असे, त्यामुळे लोक माझ्यादेखत बिनधास्त बोलायचे. एके दिवशी एक सासूबाई माझ्याजवळ आल्या.

"म्याडम, ती टेपची पिवळी बाजू म्हंजी काय असतंय?"

"सेंटीमीटर," मी म्हणाले.

त्या जागेवर जाऊन बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "सेंटीमीटर निघालं. म्हंजी पोरगी."

हे मी सरांना सांगितलं. आधी त्यांना ते कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा असे संतापले की टोपीची गुंडी तुटली. त्याच संध्याकाळी त्यांनी टेप निळ्या शाईच्या भांड्यात बुडवून ठेवला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. फक्त शाई पक्की बसली नाही. त्यानंतर जालन्याच्या उन्हात घामेजून आलेला प्रत्येक बाप आमच्याकडून कपाळावर निळी रेघ घेऊन बाहेर पडायचा. एमआयडीसीतल्या कारखान्यांत म्हणे एखादा कामगार निळ्या कपाळाने पाळीवर आला की बाकीचे विचारायचे, "कितवा महिना?"

अश्विनी आली ती या निळ्या टेपच्याच दिवसांत. सातवा संपत आला होता. नवरा बियाण्याच्या कारखान्यात कामाला, राहायला जालन्यात. सासर आष्टीचं, माहेर अंबडजवळच्या एका खेड्यातलं. आधीच्या तपासणीत बाळ वेडंवाकडं झोपलं होतं, म्हणून हृदय नीट दिसलं नव्हतं. सरांनी पोटावर प्रोब ठेवला, पाहुण्यांना रामराम केला आणि तो हृदयावरून तीन-तीनदा फिरवला. मग त्यांनी डोकं मोजलं. पुन्हा मोजलं. अश्विनीचं आणि नवऱ्याचं मोजलं. आणि म्हणाले, "बघू."

नवऱ्याला त्यांनी समोर बसवलं.

"शेती हाय का घरी?"

"हाय की. मोसंबी अन् कापूस."

"ठिबक?"

"आता ठिबक. पयले पाटानंच होतं. मी बारं धरायला, पाणी वळवायला जात व्हतो."

"मंग समजंल तुम्हाला. आईकडून नाळेतून चांगलं पाणी येतं. ते निसर्गानं आधी डोक्याच्या वाफ्याला लावलेलं असतं. ह्या बाळाच्या हृदयातून निघणारे दोन मोठे पाइप अदलाबदल जोडले गेलेत. चांगलं पाणी खालच्या रानात चाललंय, अन् डोक्याला लागतंय फिरून आलेलं पाणी. म्हणून डोक्याचा घेर जरा मागं राह्यलाय. जराच. घाबरायचं न्हाई."

नवऱ्याने टेबलावर बोटाने दोन आडव्या-तिडव्या रेघा ओढल्या. "पाइप बदलता येतात का?"

"येतात. जन्मल्यावर लगेच. पोटात आई सांभाळते, बाहेर आलं की थांबता येत न्हाई. म्हणून बाळंतपणच पुण्याला करायचं, जिथं ऑपरेशन करणारे शेजारच्या खोलीत आहेत. नववा लागायच्या आत तिथं पोचायचं. हितं जन्मलं अन् मंग गाडी शोधली, तर गाडी सापडंपर्यंत खेळ संपतो."

त्याने मान हलवली. पण घरी फोन करताना 'हृदय' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्याने आष्टीला आणि अंबडकडे, दोन्हीकडे एवढंच सांगितलं, की बाळाचं डोकं जरा लहान आहे आणि डॉक्टर बाळंतपण पुण्याला करा म्हणतात.

आणि दोन्ही घरं पेटली. आष्टीचे सासरे, म्हणजे आबा, म्हणाले की आमच्यात लहान डोकं सात पिढ्यांत कोणाचं नाही. हे अंबडच्या अण्णांना, म्हणजे अश्विनीच्या वडिलांना, तिसऱ्याकडून कळलं. ते म्हणाले, याचा अर्थ आमच्याकडून आलंय असं म्हणायचंय का? शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. अण्णांनी खोली चुन्याने रंगवून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. आता मुलीला पुण्याला नेणं म्हणजे सासरच्यांनी माहेराला नालायक ठरवणं. आबांचं म्हणणं, न्यायचं तर आम्ही नेऊ, आमची सून आहे. कोणी न्यायचं हे ठरेना, म्हणून कोणीच नेईना. नवरा रोज संध्याकाळी कामावरून आमच्याकडे यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा आणि काही न विचारता जायचा. नववा जवळ येत होता. एक दिवस सरांनीच त्याला आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही घरं घेऊन या. डोकी मोजू."

सरांना वाटलं असेल, चार माणसं येतील. रविवारी सकाळी आष्टीहून एक भरलेला टेम्पो आला आणि पाठोपाठ अंबडहून दुसरा. काके, मामे, चुलतभाऊ, पुण्याला कधीच न गेलेले आणि पुण्याबद्दल ठाम मत असलेले सगळे. प्रतीक्षागृहाच्या एका भिंतीला आष्टी बसली, समोरच्या भिंतीला अंबड. मधे अश्विनी, खुर्चीत, पोटावर हात ठेवून.

सर टेप घेऊन बाहेर आले. "टोप्या काढा."

कोणी हललं नाही. व्याह्यासमोर आधी डोकं उघडं करायचं म्हणजे खाली बघणं. अण्णा म्हणाले, "आधी पोराकडच्यांनी काढावी."

आबा म्हणाले, "आम्ही पोराकडचे हाओत. आधी पोरीकडचे."

"लग्नात आहेर घेताना आधी तुम्ही व्हते."

"अन् पंगतीला आधी कोण बसलं व्हतं?"

तेव्हा सरांनी गळ्याखालची, पुन्हा शिवून घेतलेली गुंडी सोडली आणि स्वतःची माकडटोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी कधीच पाहिलं नव्हतं. येताना हेल्मेट असायचं, आत माकडटोपी. टोपीखाली सर जवळजवळ नव्हतेच. एवढंसं डोकं, नारळावर केस उगवल्यासारखं. त्यांनी टेप माझ्या हातात दिला.

"मोजा अन् मोठ्यानं सांगा."

मी मोजलं आणि सांगितलं.

"मोठ्यानं. मागं अंबडला ऐकू जाऊन न्हाई राह्यलं."

"बावन्न," मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजात म्हणाले.

सगळे माना उंचावून सरांच्या डोक्याकडे पाहायला लागले. मग अण्णांनी विचारलं, "एवढ्याश्यात डॉक्टरकी मावली?"

"मावली," सर म्हणाले. "थोडी जागा उरली बी. आता तुमची."

कोणी आधी काढली हे मला सांगता येणार नाही. दोन्ही भिंतींवरच्या टोप्या आणि फेटे एकाच वेळी खाली आले. पुढचा तासभर मी आकडे ओरडत होते. लगेच चुरस लागली. आबांचा आकडा आला तशी आष्टीने माना डोलावल्या. अंबडच्या एका मामांचा त्याहून मोठा निघाला, तर आष्टीचं म्हणणं, केस दाबून मोजा, त्यांनी फुगवून आणलेत. दोनदा फेरमोजणी झाली. शेवटी खोलीत टेम्पोभर माणसं अशी बसली होती, की प्रत्येकाच्या कपाळावर तीच निळी रेघ, आणि आष्टी कुठली, अंबड कुठलं, ओळखू येत नव्हतं.

"झालं," सर म्हणाले. "ह्या दोन घरांत लहान डोकं कोणाचंच न्हाई. असलं तर एक माझंच, अन् माझा तुमच्यात संबंध न्हाई. म्हंजी बाळाला ते तुमच्याकडून आलेलं न्हाई. मंग कुठून आलं?"

उत्तर नवऱ्याने दिलं. उभा राहून, जमिनीकडे बघत. "आबा, हृदय हाय. हृदयाचे पाइप उलटे जोडलेत. डोक्याला पाणी पुरंना झालंय. मला सांगता आलं न्हाई."

अश्विनीच्या सासूबाई उठून तिच्या खुर्चीशी येऊन बसल्या. अण्णांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

"मंग पोटातच राहू द्या की थोडे दिवस जास्ती," ते म्हणाले. "आईजवळ हाय तंवर सुखात हाय ना ते?"

"सुखात हाय. पण पोटात कोणी मुक्कामाला येत न्हाई, अण्णा."

"ऑपरेशन झाल्यावर डोकं भरून येतं का?" हे आबांनी विचारलं.

सर पहिल्यांदाच अडखळले. "बघू," म्हणाले. मग सगळ्यांचे चेहरे पाहून पुढे म्हणाले, "पाणी सुरळीत लागलं की वाढतं. किती, ते मी आज लिहून देऊ शकत न्हाई. बोलायला, बसायला जरा वेळ लागला तर थांबायचं, दाखवत राहायचं. त्याच्याशी लई बोलायचं. ते तुम्हाला जमंल. पण आधी पुणं."

पुणं म्हटल्यावर दोन्ही भिंती पुन्हा एकदम बोलायला लागल्या. सून आमची, पोरगी आमची, गाडी आमची, रीत आमची. अश्विनीने आवाज चढवला नाही. ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी मंगळवारच्या गाडीनं चालले. तुमच्यातलं कोण येतंय ते तुम्ही ठरवा. न्हाई ठरलं तर आम्ही दोघं जातो."

सर लगेच अण्णांकडे वळले. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं ना? मंग तुम्ही पुण्यात माहेर करा. इस्पितळाजवळ एक खोली घ्या. चूल मांडा, लाडू करा, दाराला तोरण लावा. पोरगी त्या खोलीतून दवाखान्यात जाईल अन् त्या खोलीत परत येईल. झालं माहेर. अन् आबा, पाहुणे म्हणून तुम्ही तिथं जायचं. व्याह्याच्या घरी जाता तसं. कळवून."

अण्णांनी विचार केला. "डिंक हितूनच न्यावा लागंल," ते म्हणाले. "तिकडचा भेसळीचा असतोय." तेव्हा मला कळलं की झालं.

मंगळवारी ते गेले. अण्णांनी ज्वारीचं पोतं, पाटा-वरवंटा आणि बाज नेली. पुण्याच्या घरमालकाला म्हणे बाज जिन्यातून चढवताना पाहून धक्का बसला. पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. बाळंतपण झालं. मग ऑपरेशनला नेलं. मग फोन येईना. सरांनी नवऱ्याला एकदा फोन लावला, तो लागला नाही, आणि त्यांनी पुन्हा लावला नाही. तपासणीच्या खोलीत मोबाइल आणायला सगळ्यांना बंदी होती. त्या आठवड्यात सरांचा मोबाइल मशीनच्या शेजारी, जेलच्या बाटलीला टेकवून उभा असायचा. पेशंटनाही ते पूर्वीसारखेच तासतासभर तपासत होते, फक्त पाहुण्यांशी बोलत नव्हते.

फोन आला तेव्हा टेबलावर पहिलटकरीण होती, तिची हृदयतपासणी चालली होती. सरांचे हात जेलने भरलेले, म्हणून मी स्पीकर लावला. अण्णा होते.

"रामराम डॉक्टरसाहेब. जेवण झालं का?"

"झालं," सर म्हणाले. झालं नव्हतं.

"तिकडं ऊन लई असंल."

"हाय थोडं."

"हितं बरं हाय. व्याही आले व्हते काल. कळवून आले. पुरणाची पोळी केली व्हती. चार खाल्ल्या त्यांनी."

"बरं झालं," सर म्हणाले. प्रोब त्यांच्या हातात तसाच होता आणि पडद्यावर त्या बाईंच्या बाळाचं हृदय उघडझाप करत होतं. सरांनी काही विचारलं नाही. वडीलधारा माणूस रीतीने बोलत असताना मधे तोडायचं नसतं, किंवा त्यांना विचारायची हिंमत होत नसावी.

"नळ्या काढल्यात," अण्णा म्हणाले. "आज पोरगी आईच्या मांडीवर दिली. दूध प्याली. अन् आता रडून राह्यली, कोणाचं ऐकून न्हाई राह्यली. थांबा, तुम्हाला देतो."

आणि खोलीभर रडणं पसरलं. मोठं, रागाचं, दमदार रडणं. त्या गार, काळोख्या खोलीत ते भिंतींवर आपटत होतं. सरांनी माकडटोपी कानांवरून वर सरकवली आणि ऐकत राहिले. फोन बंद कर म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही, मीही केला नाही.

टेबलावरची बाई मान उचलून घाबऱ्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत होती. "डॉक्टर," तिने विचारलं, "माझं रडतंय का?"

"न्हाई बाई," सर म्हणाले. "तुमचं झोपलंय. ही आष्टीची हाय. पुण्याहून रडून राह्यली."